चादरीखालचं चादरीखाली

आमच्या गल्लीत मूल जन्माला यायचं झालं की एस्थर सोअरबट्सला बोलावणं जाई, आणि माणूस गेलं की मढ्याला आंघोळ घालायलाही तीच. एस्थरमावशी तशी जिभेने फटकळ, पण एका बाबतीत तिच्या तोंडाला कुलूप. चादरीखाली जे दिसेल ते चादरीखालीच राहायचं. त्या भरवशावर तर लोक आपली माणसं तिच्या हाती देत.

विल्फ डक्सबरीला तिनेच जगात आणला. मोठेपणी तो गावच्या फुटबॉल संघात पगारी खेळाडू झाला, आणि गिरणीतल्या पोरीसोरींपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतला. चषकाच्या उपांत्य सामन्याच्या आठवड्यात त्याची बायको एडिथ सकाळी जिन्याखाली मरून पडलेली सापडली. "पाय घसरला तिचा," विल्फ म्हणाला. त्याची आई मार्था रडतरडत मावशीला घेऊन गेली.

मावशीने रिवाजाप्रमाणे सगळं केलं. एडिथला धुतलं, केस विंचरले, गळाबंद झगा घातला, डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांवर नाणी ठेवली. पोलीस येणार म्हणून बाहेरची पायरीसुद्धा घासून पांढरी केली, कारण मळक्या पायरीवर परका माणूस उभा राहिलेला आमच्या बायकांना खपत नाही. डॉक्टर आला, झग्याचं बटण न काढता "पडून मृत्यू" म्हणाला आणि विल्फचा खांदा थोपटून गेला.

मृत्यूची सरकारी चौकशी गुत्त्याच्या माडीवर भरायची होती, कारण गावात तेवढीच मोठी खोली. गुत्तेवाला मावशीला जिन्यातच म्हणाला, "एस्थर, काय बोलायचं ते शनिवारचा सामना झाल्यावर बोल हो!"

"मेलेली काय शनिवारची वाट बघत बसलीय होय रे?" मावशी म्हणाली.

वर चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "अंगावर आणखी काही?"

"गळ्यावर बोटं उमटली होती. चार एकीकडे, अंगठा दुसरीकडे. कॉलर मीच वर ओढली."

डॉक्टरला मढं पुन्हा तपासायला पाठवलं. खुणा होत्याच. पुढे कोर्टात विल्फने कबूल केलं आणि त्याला फाशी झाली. शनिवारचा सामना विल्फशिवाय आम्ही हरलो, आणि खरं सांगते, गावाला एडिथपेक्षा त्या हरण्याचंच दुःख जास्त झालं. मला अजून त्याची चीड येते.

त्यानंतर मावशीला कुणी बोलावलं नाही. जिने चादरीखालचं बाहेर काढलं, तिच्या हाती मढं कोण देणार? मार्था तर तिला बघून रस्ता बदले. मी एकदा विचारलं, "मावशी, का बोललीस गं?"

"एकदा गप्प बसले होते," ती म्हणाली आणि पायरी घासू लागली.

बऱ्याच वर्षांनी मार्था अंथरुणाला खिळली. शेजारीण म्हणून मी तिचं करत होते. शेवटी शेवटी माझं मनगट धरून म्हणाली, "एस्थरलाच बोलाव. दुसरी कुणी अंगाला हात लावायचा नाही. आणि तिला म्हणावं, या वेळी झाकू नकोस."

मला वाटलं, म्हातारी भ्रमात आहे.

ती गेल्यावर मावशी आपलं घंगाळ घेऊन आली. मी पाणी ओतत होते. तिने मार्थाला कुशीवर वळवलं. मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्याच्या बकलाचे जुने वण होते.

"विल्फच्या बापाचे," मावशी म्हणाली. "विल्फच्या बाळंतपणात पाहिले, तेव्हा ओले होते. कुणाला सांगू नकोस म्हणाली. नाही सांगितलं मी. पोरगं त्याच घरात वाढलं."

मग मी मार्थाचा निरोप सांगितला. मावशी घंगाळाची कड धरून रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटचं दर्शन घ्यायला गल्लीतल्या बायका काळ्या शाली पांघरून बाहेर थांबल्या होत्या. मावशीने डोळे पुसले. मार्थाला तसंच कुशीवर, पाठ दाराकडे करून ठेवलं, चादर कमरेपर्यंत घेतली आणि दार उघडलं.

"या," ती म्हणाली. "आधी पाठ बघा. तोंड मग बघा."