आई पास झाली

लग्नामुळे आईची दहावी राहून गेली होती. साठीला आल्यावर ती परीक्षेला बसली आणि तिला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. 'पास' या शब्दावर ती फार वैतागली. "डोंगरातला घाटही पास, मीठ पुढे देणंही पास आणि वेळ गेला तरी पासच? यांना शब्द कमी पडले का गं?"

निकालाच्या दिवशी आम्ही कोथरूडच्या बसमध्ये होतो. फोनवर निकाल पाहून मी तिला मिठीच मारली. तेवढ्यात कंडक्टर आले. "आजी, पास?"

"झाले की! इंग्रजीतसुद्धा!" आई ओरडली.

"अभिनंदन. आता बसचा दाखवा."

सगळी बस हसली आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आई ताठ उभी राहून सगळ्यांना नमस्कार करत होती. कंडक्टरांनी पास न बघताच डबल बेल दिली.