पाण्याची पाळी

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — मग माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटो.

धुळ्याजवळ पांझरेकाठी आमचं गाव. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं आणि शेतांना पाळीपाळीनं मिळायचं. पाळी ठरवायचे नाना. कुठल्या खुर्चीवर होते? कुठल्याच नाही. पण टंचाई आली की शेवटच्या शेताला आधी पाणी, हा त्यांचा रिवाज — आणि त्यांचं स्वतःचं शेत पाटाच्या तोंडाशी, म्हणजे सगळ्यांच्या मागून भिजणारं. मग त्यांचा शब्द कोण मोडणार? मला बिनविरोध सरपंच केलं तेही त्यांनीच. "पोऱ्या चांगला शे," एवढंच बोलले, बस.

आणि मी? खुर्ची मिळाली नि शिंगं फुटली हो! बहात्तरच्या दुष्काळात माझा ऊस करपायला लागला. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दम दिला — आधी पाट माझ्या शेताकडे फोड. शेवटच्या शेतांची पाळी बुडाली, पीक उभं वाळलं.

गाव चावडीवर जमलं. पाटकरी म्हणाला, सरपंचांनी सांगितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघालं — काय निघालं, सांगू?

"मला नानांनीच सांगितलं होतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हां. मीच सांगं व्हतं."

का म्हणाले असतील? घरी जाताना मी कसंबसं विचारलं. "सरपंचच खोटा पडना, तर गाव कोनं ऐकी?" एवढं बोलून पुढे निघून गेले.

कसलं ऐकतंय गाव! पाटावर पोलीस उभे करून पाळ्या चालवाव्या लागल्या मला. नानांना मात्र कोणी विचारेना. ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला त्यानंच केसानं गळा कापला, असं लोक बोलायचे — त्यांच्याबद्दल, माझ्यासमोर. मी मान डोलवायचो. लाज? वाटायची. तरी डोलवायचो.

पुढच्या उन्हाळ्यात नाना पंचायतीत आले. मला अरे-तुरे करणारा माणूस दाराशी थांबला, हात जोडले. पाटकरी त्यांच्या शेतात पाणी सोडत नव्हता.

"सरपंचसाहेब, मनी पाळी..."

आत माणसं बसलेली होती. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "बघू, नाना. लोकांना विचारावं लागेल."