शेठची दिवेलागण

जबलपूरच्या गोहलपुरात मी ज्या सलवार-सूटच्या कारखान्यात काम केलं, तिथे सूर्य शेठला विचारून मावळायचा. थट्टा नाही करून राहिले. गल्ल्याच्या वर लक्ष्मीची तसबीर होती, आणि संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लागेपर्यंत कोणी उंबरा ओलांडायचा नाही असा तिथला नियम होता. दिव्याआधी कोणी बाहेर पडलं तर लक्ष्मी त्याच्यासोबत निघून जाते म्हणे. बरं, असते एकेकाची श्रद्धा. आमच्या घरीही तिन्हीसांजेला कोणाला निघू देत नाहीत. पण आमच्या घरी दिवा तिन्हीसांजेला लागतो. शेठचा दिवा ऑर्डर पाहून लागायचा. काम कमी असलं की उजेड असतानाच उदबत्तीचा धूर. आणि सणाचा माल निघायचा असला की बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले, भजीवाल्याने कढई उतरवली, तरी आत शेठ फोनवर. "बस दीदी, दिया-बत्ती हो जाए, फिर निकलिए." लक्ष्मीचं काय, तिला कितीही ताटकळत ठेवा, ती जास्तीचे पैसे मागत नाही.

मी तिथे रोजावर होते. फरमे काढायचं काम. एका मापाचा सूट कॉम्प्युटरवर उलगडायचा, त्याची लहानमोठी मापं करायची, कागदावर छापून कटिंगच्या टेबलावर द्यायची. पगार नाही, पीएफ नाही. ज्या दिवशी आले त्या दिवसाचे पैसे. मला ते बरंच वाटलं होतं, बांधून घ्यायचं नव्हतं. शेठनेही गोड तोंडाने सांगितलं, "आप तो आज़ाद हैं, अपनी मर्ज़ी की मालिक." दिवस म्हणजे किती तास, असं मी तेव्हाच विचारलं होतं. तर हसला. "दिन मतलब दिन, दीदी. अपना घर समझिए." घर समझिए म्हणणाऱ्या माणसापासून दहा हात लांब राहावं, हे आता मला कळतं.

दुपारी लवकर निघाले तर तो अर्धा दिवस. दिव्यापर्यंत थांबले, मग तो दिवा केव्हाही लागो, तर एकच दिवस. अच्छा, म्हणजे कमी झालं की मोजायचं आणि जास्त झालं की घर समजायचं. जास्तीच्या वेळेचे पैसे मागितले, तर मी त्याच्या आईकडे घरभाडं मागितल्यासारखा चेहरा केला त्याने. "ओवरटाइम तो नौकर को मिलता है. आप तो प्रोफेशनल हैं." आणि नोकरांना मिळत होता का? त्यांना सांगायचा, तुम्ही तर परिवार आहात. परिवाराला समोसे मिळायचे, गार झालेले. परिवार ते मिटक्या मारत खायचा आणि वर "सेठजी का दिल बड़ा है" म्हणायचा. मला शेठपेक्षा कधीकधी त्यांचीच जास्त चीड यायची.

घरी, चेरीतालला, मी आणि बाबा. बाबांना विसरण्याचा आजार झाला होता. दिवसा चांगले असायचे. पेपर वाचायचे, मला हाक मारायचे, चहात साखर कमी पडली की बोलूनही दाखवायचे. पण ऊन उतरलं की त्यांच्या अंगात भीती शिरायची. घर ओळखू यायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या वेळी त्यांची हिंदी जायची. जन्म जबलपूरचा, आख्खी नोकरी हिंदीत, भाजीवाल्याशी भांडण हिंदीत, आणि संध्याकाळी त्यातलं काही उरायचं नाही. फक्त मराठी उरायची. त्यांना सांभाळणारी दीदी मागच्या गल्लीतली. फार मायेची, पण मराठीचं अक्षर कळत नव्हतं तिला. दिवेलागणीला त्या घरात मराठी बोलणारं एक माणूस पाहिजे होतं, बस. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या आवाजाने शांत होतात तोवर त्यांच्याजवळ राहा. पुढे दिवसाही ओळखणार नाहीत.

हे सगळं मी शेठला सांगितलं. त्याने हात जोडून छताकडे पाहिलं. "बुज़ुर्गों की सेवा तो बड़ा पुण्य है, दीदी." आणि नव्या डिझाइनचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. पुण्य मी करायचं, वेळ त्याने ठेवून घ्यायचा.

दिवाळीच्या मालाचे दिवस होते. बाहेर सूर्य मावळून राहिला होता आणि दिवा लागला नव्हता. घरून दीदीचा फोन आला. "बाबूजी कुछ माँग रहे हैं, मैं समझ नहीं पा रही. रो रहे हैं." मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव.

"बाबा, काय होऊन राहिलं?"

"तहान लागली," बाबा म्हणाले. "केव्हाचं सांगून राहिलो. कोणी देत नाही."

ती बिचारी त्यांना शाल पांघरवत होती, पंखा लावत होती, टीव्ही लावून देत होती. माझा बाप आपल्या घरात बसून पाणी मागत होता आणि मी गोहलपुरात कुर्त्याचा गळा खोल करत होते. मी हिंदीत सांगितलं, पानी दो. ते पाणी पितानाचा आवाज मला फोनमधून ऐकू आला. समोर शेठ कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं वर्णन करत होता, काडीपेटीवर कोपर टेकून. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कात्री उचलून त्याच्या फोनची वायर कापावी. पण मोबाइलला वायर नसते.

तेवढ्यात मशिदीतून अजान झाली. आमचे कटिंग मास्टर वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी कापड तसंच सोडलं, खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि चालू लागले. रोजच जायचे. उंबरा ओलांडून जायचे, दिवा लागलेला असो की नसो, आणि नमाज पढून परत यायचे. त्यांच्यासोबत लक्ष्मी एकदाही गेली नव्हती. हे मी रोज पाहत होते आणि मला सुचलं नव्हतं. परत आले तेव्हा मी विचारलं, "चाचा, आपको सेठ रोकते नहीं?"

"मैं पूछता कब हूँ, बेटी," ते म्हणाले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी अजान झाली तसा मी कॉम्प्युटर बंद केला, पर्स उचलली आणि चाचांच्या मागे निघाले. शेठ खुर्चीतून अर्धा उठला. "दीदी, दिया..."

"लगाइए ना. माचिस आपकी कोहनी के नीचे ही है."

"ऐसे में लक्ष्मी चली जाती है."

"जाने दीजिए. उसका भी टाइम हो गया."

कारागिरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी देवघरात चपला घालून शिरले. पाहू दे. शेठने अर्धा दिवस लावला. चलो, लाव. मी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाचे फरमे दिले. पुढचा भाग, मागचा भाग. बाह्या केल्याच नाहीत. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर लावून सगळे बाह्यांची वाट पाहत बसले. शेठ दोनदा येऊन खाकरून गेला. त्या संध्याकाळी अजान व्हायच्या आत दिवा लागला. नंतर रोजच लागायला लागला आणि माझा दिवस पूर्ण धरला जाऊ लागला. एवढीच होती त्याची श्रद्धा, बिनबाह्यांच्या कुर्त्यापुढे टिकली नाही. वर व्यापाऱ्यांना ऐकवायचा, "हमारे यहाँ लेडीज़ को टाइम से छोड़ते हैं." बाकीच्यांसाठी त्याने दिव्यानंतर आरती सुरू केली, ती होईपर्यंत निघायचं नाही. आणि तेही टाळ्या वाजवत थांबले.

मी घरी पोचायची तेव्हा आकाशात उजेड असायचा. फाटकापासूनच मोठ्याने बोलायला लागायची, म्हणजे माझ्याआधी आवाज आत पोचेल. बाबा म्हणायचे, "आली का? काहून एवढा उशीर?" मग मी काहीही बोलत बसायची. भाजी काय आणली, स्कूटी कशी बंद पडली. ते हूं हूं करत ऐकायचे आणि त्यांची भीती उतरायची. दिवाळी त्यांनी ओळखली. फराळाला नावं ठेवली. अशा संध्याकाळी मला मिळाल्या, आणि त्याआधीच्या सगळ्या शेठने गार समोशांवर गिळल्या. मी त्याला माफ केलेलं नाही, करायचंही नाही.

थंडी पडायला लागली होती. मी नेहमीसारखी फाटकातून बोलत आत गेले. बाबा पलंगावर बसले होते. मला पाहून ते सावरून बसले, जागा करून दिली. "या, बसा," म्हणाले. मी पाणी दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी भांडं घेतलं, सगळं पाणी प्यायले, आणि परक्या बाईला परत करावं तसं अदबीने माझ्या हातात दिलं.

"तुम्ही आता निघा, बाई," ते म्हणाले. "अंधार पडून राहिला. तुमच्या घरचे वाट पाहत असतील."

"नाही, मला घाई नाही."

"नको नको. आमची मुलगी येईलच आता," बाबा म्हणाले. "रोज उशीर होतो तिला. कारखान्यात थांबवून घेतात."