तीसवरचा दिवा

खात्यात त्यांना सगळे 'असंकसं साहेब' म्हणत. काहीही सांगा, पहिला प्रश्न हाच, "असं कसं?" विजेचे मीटर तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. कुणी मीटरला आडवी तार जोडलेली, कुणी मागच्या खांबावर आकडा टाकलेला, कुणी सील फोडून पुन्हा इतकं बेमालूम चिकटवलेलं की जोडीचा माणूस सही करून मोकळा व्हायचा. साहेब मात्र मीटरकडे बघतच नसत. ते आधी घरच्यांची तोंडं बघत. पाणी फार अगत्याने पुढे आलं की समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय.

निवृत्तीनंतर हा संशय ठेवायचा कुठे, हा प्रश्नच होता. वर्षभर तो दूधवाल्यावर आणि इमारतीच्या सेक्रेटरीवर भागला. मग व्याह्यांनी प्रवाळ दिलं.

व्याह्यांच्या दिवाणखान्यात माणूस झोपेल एवढी समुद्राच्या पाण्याची टाकी होती आणि आलेल्या प्रत्येकाला तिच्यासमोर अर्धा तास उभं राहावं लागे. साहेबांनी एकदा सहज म्हटलं, "आम्हीही ठेवू की एखादी छोटी." व्याही हसले. तेवढ्या हसण्यावर साहेबांनी बारा लिटरची टाकी आणली, शिवणाच्या मशीनएवढी. दीड महिना त्यात नुसतं मिठाचं पाणी आणि दगड फिरत्या पंपावर ठेवून, व्याह्यांना ती दाखवली. व्याह्यांनी प्रवाळाचे तीन तुकडे डबीत घालून दिले. दोन मऊ, बटणांसारखे. तिसरा टणक, गुलाबी, नखाएवढा.

"हा गुलाबी जरा नाजूक आहे हां," व्याही म्हणाले. "ह्याला उजेड लागतो. तुमचा टेबल लॅम्प नाही चालायचा."

दुसऱ्या दिवशी साहेब टाक्यांच्या दुकानात हजर. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेला, दंड सतत ओले. तिने तीन दिवे काढून दिले. सगळ्यात मोठ्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, साठ वॅट. साहेबांनी खिशातून प्लगमध्ये बसवायचा छोटा मीटर काढला आणि तिथल्याच बोर्डवर लावला. आकडा आला एकतीस.

"असं कसं? इथे साठ लिहिलंय."

"सगळेच असं लिहितात, काका. आतले बल्ब साठचे, चालवतात निम्म्यावर. नाहीतर तापून मरतील." तिला काडीचंही ओशाळं वाटलं नाही. "पण तुम्हाला हा घ्यायचाच कशाला? टाकी वीतभर खोल. उजेड तळापर्यंत असाच जातो. मधला घ्या. मोठा घेतलात तर दीड हात वर टांगा आणि बटण तीस टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. प्रवाळाच्या अंगात शेवाळासारखे बारीक जीव असतात, ते उजेडावर त्याला जेवू घालतात. उजेड फार झाला की प्रवाळ त्यांनाच हाकलून देतं आणि पांढरं पडतं. मग उपाशी मरतं."

आपलाच माल कमी वापरा म्हणणारा दुकानदार साहेबांनी जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे मोठ्या दिव्यात नक्की खोट असणार, किंवा मधला खपत नसणार. त्यांनी मोठाच घेतला. व्याह्यांपुढे मधला दिवा कोण टांगणार?

जेवणाच्या टेबलाच्या टोकाला टाकी होती. समोर सहा मजली इमारत उभी राहिल्यापासून त्या खोलीत दुपारीही संध्याकाळ असायची. दिवा लागला आणि सगळा कोपरा उजळून निघाला. साहेबांनी बटण तीसवर आणलं, वेळ सकाळी नऊ ते पाच लावली आणि सवयीने आपला मीटरही तिथेच राहू दिला.

बायकोने लांबूनच विचारलं, "झालं का तुमचं?" तिला त्या खाऱ्या पाण्याचं कौतुक नव्हतं. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे दुरुस्त करून देई, काजं, बटणं, उसवलेल्या शिवणी, आणि टाकीने तिचं अर्धं टेबल खाल्लं होतं.

दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी तुकडा फिका पडला. चौथ्यात त्याची टोकं खडूसारखी पांढरी झाली.

पहिला संशय व्याह्यांवर. रोगट तुकडाच गळ्यात मारला असणार, म्हणजे पुढच्या भेटीत "मी म्हणालो नव्हतो?" म्हणता येईल. साहेबांनी त्यांना फोनवर तिरकस निरोपही धाडला. दुसरा संशय दुकानवालीवर. बाटलीत टाकीचं पाणी घेऊन ते दुकानात गेले. तिने त्यात चार थेंब टाकले, रंग पाहिला, काट्याने खारटपणा मोजला.

"पाणी एकदम ठीक आहे. उजेड जास्त होतोय."

"तीसवर आहे. मी रोज बघतो."

"तुम्ही बघता तेव्हा असेल," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

हे वाक्य साहेबांच्या कानात कुसळासारखं रुतलं. घरी येऊन त्यांनी मीटरवर साठलेला आकडा पाहिला, पुसला आणि शून्यापासून सुरू केलं. सहा दिवसांनी पुन्हा पाहिला. एकतीसच्या तीस टक्के धरून दहा वॅट, आठ तास, सहा दिवस, म्हणजे अर्धा युनिटसुद्धा व्हायला नको. तिथे जवळजवळ एक दिसत होता. त्यांनी कागदावर गणित मांडलं. रोज सव्वातीन तास कुणीतरी दिवा पुरता चढवत होतं.

ते स्वतः रोज दहा ते दीड वाचनालयात असत. त्या वेळात घरात बायको आणि तासभर येणारी फरशीवाली. फरशीवालीला सव्वातीन तास कुठले? उरलं कोण? बायकोला टाकी नको होती, हे तर उघडच होतं. तिचं आणि विहीणबाईंचं हल्ली फोनवर फार गूळपीठ होतं, हेही त्यांना आठवलं. रात्रीच्या जेवणाला ते तिच्या तोंडाकडे बघत बसले. "काय बघताय? मीठ कमी आहे का?" तिने विचारलं. ते "नाही" म्हणाले.

सकाळी निघताना त्यांनी बटणावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. वाचनालयात जाऊन पेपर न उघडताच परत फिरले आणि अकराला स्वतःच्याच घराचं कुलूप चोरासारखं आवाज न करता उघडलं.

टाकी लखलखत होती. बायको खुर्ची ओढून काचेला चिकटून बसली होती. मांडीवर कुणाचा तरी सदरा, एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. सुई तिने दिव्याखाली अगदी नाकाशी धरली होती. दोरा नेढ्याच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून. तिने टोक ओठात ओलं केलं आणि पुन्हा. साहेब मोजत होते. सातव्यांदा हुकल्यावर त्यांच्याकडून चप्पल वाजली.

"कोण आहे?" तिने दाराकडे बघत विचारलं.

पाच पावलांवर ते उभे होते, आणि ती त्यांच्याचकडे बघत होती.

"मी आहे," ते म्हणाले.

"अगोबाई, एवढ्या लवकर? काही विसरलात का?" तिचा हात चाचपत बटणाकडे गेला. सात कट्ट मोजत तिने ते मागे फिरवलं. बटण तीसवर आलं.

साहेब समोरच्या खुर्चीत बसले. "कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं हो. उजेड असला की दिसतं."

"मी विचारतोय, कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील." तिने सदऱ्याची घडी घातली. "आईचा एक डोळा ऑपरेशनमध्येच गेला होता. मला नाही जायचं तिथे."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, असं कसं? आणि मग उलटतपासणी. ते ऐकायचं त्राण नव्हतं मला."

भिंतीआडची तार ओळखणारा माणूस, आणि घरातलं माणूस दोन वर्षं स्पर्शाने भांडी लावतंय, हे त्यांना कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी तिच्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवायला लागले. त्यांनाही चार खेपा लागल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलाय. साहेबांनी त्यांची तासभर उलटतपासणी घेतली. भिंग कुठलं, खोक्यावर काय लिहिलंय, आईचा डोळा का गेला असेल, किती ऑपरेशन केली, किती फसली. शेवटी त्या बाई बायकोला म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशा राहता ह्यांच्याबरोबर?" बायको इतकी हसली की तिची भीती निम्मी तिथेच उतरली.

गुलाबी प्रवाळ मात्र गेलं. बटणांसारखे दोन तुकडे तगले. साहेबांनी व्याह्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं. माफी मागताना शब्द चघळून चघळून बाहेर आले, पण आले. बायकोसाठी उभा राहणारा वेगळा दिवा आणला, आणि तो निवडताना दुकानदाराला एकही प्रश्न विचारला नाही. घरी आल्यावर तो मीटरवर लावून पाहिला, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी ती घरभर फिरली. टाकीसमोर थांबून म्हणाली, "एवढंसंच आहे होय हे? मला वाटायचं आत केवढं काय काय आहे." मग वळून नवऱ्याकडे नीट बघितलं. "केवढे म्हातारे झालात हो तुम्ही." आणि मग तिची नजर कपाटाच्या माथ्यावर, खिडकीच्या चौकटीवर, टेबलाखालच्या कोपऱ्यांवर गेली.

"ही फरशीवाली इतकी वर्षं करत काय होती?"

"मला तिचा आधीपासून संशय होताच," साहेब म्हणाले.

"तिचं राहू द्या. फडकं आणा आधी."

पुढचे दोन दिवस साहेब स्टुलावर चढून जळमटं काढत होते, आणि ती खाली खुर्चीत बसून, एक डोळा झाकून, राहिलेली बोटाने दाखवत होती.