सिस्टर सिसिलियांचं हळदीकुंकू

वैशालीचा फोन आला तेव्हा दूध गॅसवर होतं. "बाई, सिस्टर गेल्या... सकाळी प्रार्थनेनंतर," एवढंच ती बोलली. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत दहावीला गणित शिकवते. सिस्टर सिसिलिया त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शाळेमागच्या कॉन्व्हेंटमध्येच राहायच्या, त्यामुळे आमच्या लेखी त्या कधी निवृत्त झाल्याच नाहीत. दूध उतू गेलंच. मग फोन वैशालीच्या आईनं घेतला. हिराबाई, बदलापूरच्या मांजर्लीची, तरुणपणीच नवरा गेलेली. ती रडली नाही, सिस्टर कशानं गेल्या तेही विचारलं नाही. म्हणाली, "बाई, मना तिला कुकू लावाचा हाय. चर्चमदी लावून देतीन ना?"

सवाष्ण गेली की तिला हळदीकुंकू लावून पाठवायचं ही आपली रीत. पण सिस्टर पडल्या ख्रिस्ती, त्यात संन्यासिनी, आणि लावणार कोण, तर विधवा हिराबाई. यातलं काय कुणाच्या नियमात बसणार होतं? "या तर खरं, बघू," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण तिथे कुणी तिला नाही म्हणालं असतं तर ती बाई पार मोडून पडली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. का, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

मी नोकरीला लागले तेव्हा शाळा म्हणजे उल्हासनगरला कॅम्प चारच्या टोकाला पत्र्याच्या छपराची वर्गांची एक ओळ होती. पाऊस लागला की शिकवणं बंद, कारण पत्र्यापुढे आमचा आवाज चालत नसे. सिस्टर मूळच्या वसईच्या. लोक त्यांच्याशी आधी तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचे, आणि त्या अशा काही खणखणीत मराठीत उत्तर द्यायच्या की समोरचा गडबडून "थँक्यू" म्हणायचा. शाळा तेव्हा सातवीपर्यंतच. सिस्टरना माध्यमिक काढायचं होतं, पण आठवीला मुलीच मिळेनात. पालकसभेला बाप यायचे, हाताची घडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "सातवी झाली ना सिस्टर, बस झालं." आया यायच्याच नाहीत. आम्हाला त्यातलं काय कळतंय, असा निरोप यायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही हळदीकुंकू ठेवा, मग बघा कशा धावत येतात." माझ्या तोंडाला काय, कधी फाटक नव्हतंच. पण त्या विचारात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी हातात पिशवी घेऊन बाजारात निघाल्या... वाण आणायला.

कॅम्पातला एक सिंधी भांडीवाला आमच्या शाळेचा पालक होता. त्यानं त्यांना उभ्या उभ्या शिकवलं, "सिस्टर, चमचा मत लो, चमचा सब देते हैं. वाटी लो." कॉन्व्हेंटात कुजबूज झाली. एका वयस्क सिस्टरनी तर सरळ विचारलं, हे आपलं काम आहे का? सिस्टर सिसिलिया म्हणाल्या, "पालकसभाच आहे. ज्या हाकेला पालक येतात, ती हाक मारली." संक्रांतीनंतर मोठ्या वर्गातली बाकं बाजूला केली, रांगोळी मीच काढली, आणि बदलापूर-अंबरनाथपासून बाया आल्या. इतक्या आल्या की आम्हाला उभं राहायला जागा उरली नाही. माझ्या सासूबाई सगळ्यांत मोठ्या म्हणून हळदीकुंकवाचा करंडा त्यांच्या हातात. त्या एकेकीला लावत सुटल्या आणि सिस्टरजवळ आल्यावर मात्र हात आखडला. पांढरी साडी, रिकामं कपाळ, गळ्यात काही नाही. त्यांना वाटलं, बाई विधवा आहे. त्या पुढच्या बाईकडे सरकल्या. ज्यांचं हळदीकुंकू त्याच कोरड्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरना राग नाही आला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दाराबाहेर हिराबाई उभी होती. मुलीच्या शाळेतून बोलावणं आलं म्हणून आली होती, पण आत येण्याची तिची छाती होत नव्हती. नवरा अंबरनाथच्या केमिकल कंपनीत होता, तो गेल्यापासून कुठल्याच हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नव्हतं. सिस्टर जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. आम्हा दोघींना लावत नाहीत." आता आली पंचाईत. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सासूबाईंच्या कानात कळवळून सांगितलं, की अहो, सिस्टर विधवा नाहीत, त्यांचं लग्न देवाशी लागलेलं असतं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मग तर ही जन्माची सवाष्ण. तिचा नवरा मरतोय कुठं?" सगळा वर्ग हसला. त्यांनी दारात जाऊन सिस्टरना हळदीकुंकू लावलं. लावलं की समोरचीनं उलट लावायचं असतं. सिस्टरनी करंडा घेतला, सासूबाईंना लावलं, आणि लगेच वळून हिराबाईला लावलं. हसू जागच्या जागी थांबलं. दोन-चार जणी वाटी न घेताच निघून गेल्या. हिराबाई भिंतीला धरून उभी होती. सिस्टर तिला म्हणाल्या, "आठवीला वैशालीचं नाव घालायचं. घालणार ना?" तिनं मान डोलावली.

त्या दिवशी आलेल्या आयांच्या मुलींवर आठवी सुरू झाली, मग नववी, मग दहावी. पत्रे जाऊन स्लॅब आला, प्रयोगशाळा आली, पुढे इंग्रजी माध्यम आलं आणि मराठीचे वर्ग आटत गेले, त्यावरून सिस्टर शेवटपर्यंत भांडल्या. मांजर्लीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा मुलींच्या ओल्या वह्या त्यांनी चॅपलच्या बाकांवर उघडून ठेवल्या आणि पंखे लावून दिले. फादर प्रार्थनेला आले तर बसायला जागा नाही. पण हळदीकुंकू कधी चुकलं नाही. दर वर्षी हिराबाई सिस्टरना लावायची, सिस्टर तिला. वर्षभरात तिच्या कपाळाला कुंकू लागायचं ते त्या एका दिवशी, त्या एका हातानं.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सिस्टर पेटीत, डोक्यावर पदर घेतलेल्या, नेहमीसारख्याच जरा रागावलेल्या दिसत होत्या. आत्ताच्या मुख्याध्यापिका सिस्टर रेजिना मंगळूरच्या, तरुण, इथे येऊन वर्षही झालेलं नाही. वैशालीनं हळूच त्यांना आईची इच्छा सांगितली. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर प्रार्थनेच्या पुस्तकात पान शोधू लागले, बराच वेळ शोधत राहिले... मग सिस्टर रेजिनांनी स्वतःच पुढे होऊन मृत सिस्टरच्या कपाळावरचा पदर मागे सारला.

हिराबाईनं पदराची गाठ सोडली, पुडी उघडली. आधी हळद, मग कुंकू. मला वाटलं, झालं, आता ती बाजूला होईल. पण ती पेटीपाशी कपाळ पुढे करून वाकून उभीच राहिली. मागे रांग खोळंबली. "त्यांना काय पाहिजे?" सिस्टर रेजिनांनी मला विचारलं. मी सांगितलं, "उलट लावायचं असतं. सिस्टर तिला लावायच्या." सिस्टर रेजिनांना आमचं हळदीकुंकू कुठलं माहीत? त्यांना ठाऊक राखेचा बुधवार, कपाळावर राखेचा क्रूस काढतात तो. त्यांनी पुडीत अंगठा बुडवला आणि हिराबाईच्या कपाळावर लहानसा क्रूस काढला.

बाहेर आल्यावर मी रुमाल काढून म्हटलं, "हिराबाई, थांबा, नीट गोल करून देते." तिनं माझा हात अडवला.

"ऱ्हाऊ दे बाई. सिस्टर पन आंगठ्यानीच लावाची. असाच."

इतकी वर्षं शेजारी तिळगुळाचं ताट घेऊन मी उभी असायचे, आणि मला तो क्रूस कधी दिसला नव्हता. रिक्षा आली. हिराबाई तशीच बसली आणि मांजर्लीला गेली.