राउटरचं झबलं

माझ्या दादाला उघडी वस्तू बघवत नाही. शिंपी माणूस, हातात कापड आलं की गप्प बसवत नाही. मिक्सरला कव्हर, टेबलफॅनला कव्हर, स्कूटरला तर उन्हाळी आणि पावसाळी अशी दोन. लहानपणी मी एका जागी फार वेळ बसले की आई म्हणायची, ऊठ गं, नाहीतर हा तुझंही माप घेईल.

आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, नेमकी उलटी. तिला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची असते. ती एका मोठ्या कंपनीत हेल्पडेस्कवर आहे. कंपनीतल्या कुणाच्या लॅपटॉपचं नेट गेलं की तो रडकुंडीला येऊन हिला फोन लावतो, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते ही फोनवरूनच शोधून देते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. 'कालपासून घरात काय बदललं?' समोरचा हमखास म्हणतो, 'काही नाही.' हाताखालच्या पोरींना तिनं शिकवूनच ठेवलंय, की माणूस 'काही नाही' म्हणाला म्हणजे काहीतरी नक्की आहे.

कंपनी लांबच्या मोठ्या शहरात. त्यामुळे लग्न झाल्यापासून वहिनी तिकडे भाड्याच्या खोलीत आणि दादा इकडे दुकानात. शनिवारी रात्री ती यायची, सोमवारी उजाडायच्या आत निळी बॅग उचलून निघायची. शेवटी तिनंच खटपट करून घरून काम मागितलं. कंपनी म्हणाली, महिनाभर करून दाखवा. कॉल चालू असताना नेट तुटता कामा नये, मोबाइलचं नेट चालणार नाही, घरची पक्की लाइन हवी. जमलं तर कायमचं घरून, नाही जमलं तर सोमवारची बस आहेच. यावर माझे बंधुराज काय बोलले असतील? 'बघ बाई, तुला सोयीचं पडेल तसं.' झालं. बायको जवळ राहावी असं वाटतं हे सांगायला याच्या तोंडाला काय टाके घातलेत, देव जाणे.

महिना सुरळीत गेला. शेवटच्या दिवशी वहिनीच्या मॅडम स्वतः तिचे कॉल ऐकणार होत्या. मी सकाळी माझ्या ड्रेसची बाही सैल करून घ्यायला गेले होते. पुढच्या खोलीत दादाचं दुकान, मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून वहिनी. वायफायचा डबा दुकानात, वरच्या फळीवर, तागे रचलेत त्यांच्या मागे.

तिसऱ्याच कॉलला वहिनीचा आवाज आला. "हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?"

दादाची मशीन थांबली.

वहिनी डोक्यानं थंड. लॅपटॉप बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा घातला. मग मोबाइल बघितला, तर त्यालाही वायफाय सापडेना. म्हणजे लॅपटॉप बिचारा निर्दोष, दोष डब्यात नाहीतर बाहेरच्या लाइनीत. तिनं आतूनच विचारलं, "अहो, डब्याचे दिवे लागलेत का?"

दादा स्टुलावर चढला. मला खालून त्याची पाठ तेवढी दिसत होती. "लागलेत. सगळे हिरवे."

"बटण बंद करून थोड्या वेळानं चालू करा."

त्यानं केलं. नेट आलं. वहिनीनं कॉल घेतला, जरा बोलली, आणि पुन्हा गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. शेवटी तिनं काय करावं? स्वतःच्याच हेल्पडेस्कला मोबाइलवरून फोन लावला. उचलला तिच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीनं. स्पीकर चालू होता, मी दारात उभी.

"ताई, मॅडमपण लाइनवर आहेत," ती मुलगी चाचरत म्हणाली. "मला विचारावं लागेल. कालपासून घरात काय बदललं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली.

आणि तिनं जीभ चावली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू आवरेना. "काय दात काढताय, वन्सं?" असं म्हणत ती मोबाइल हातात घेऊनच उठली. रागावली की मी वन्सं, एरवी नुसतं 'अगं'. तरातरा दुकानात गेली, स्टुलावर चढली, तागे बाजूला सारले.

राउटरला झबलं घातलेलं होतं. इस्त्रीच्या टेबलावर घालतात ते चंदेरी कापड, आत कापसाचा थर, खालून नाडी. आणि पुढच्या बाजूला एका ओळीत नीट केलेली काजं, प्रत्येक दिव्याला एक. म्हणून तर सगळे हिरवे दिसत होते. वहिनीनं नाडी सोडली, डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दिवे चालू असले तरी आत जीव गुदमरून त्या बिचाऱ्याचं वायफाय सारखं बंद पडत होतं.

"अहो, हे कधी शिवलंत?"

"पहाटे." दादाच्या गळ्यात टेप, मान खाली. "तूच म्हणाली होतीस ना, तुमच्या कापडाच्या धुळीनं हा डबा एक दिवस मरेल. आज तो मेला असता तर तू परत गेली असतीस. मला नाही गं आता एकट्यानं राहवत."

इतक्या वर्षांत जे बोलला नाही, ते बोलला तेही स्पीकरवर. माझे डोळे भरून आले. वहिनीचे तर वाहायलाच लागले, आणि ती स्टुलावर उभी राहून हसतही होती.

मोबाइलमधून मॅडमचा आवाज आला. "कव्हर काढा, डबा गार होऊ द्या आणि पुढचे कॉल घ्या. दिवस अजून संपलेला नाही."

दिवसभर मग दादानं डब्याला पुठ्ठ्यानं वारा घातला. मी कितीदा सांगितलं, अरे बस कर, पण ऐकेल तर शपथ. संध्याकाळपर्यंत एकही कॉल तुटला नाही. काम संपल्यावर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, लाइन चांगली आहे, चूक कुठे होती तेही कळलं, सोमवारपासून कायमचं घरून.

वहिनीनं निळी बॅग रिकामी करून कपाटावर टाकली. दादानं वर बघितलं, मग टेप काढून बॅगेचं माप घेतलं. झबलं उसवलं, त्याला चारी बाजूंनी रुंद पट्ट्या जोडल्या आणि बॅगेवर चढवलं. धूळ बसते, म्हणाला. माझी बाही राहिली ती राहिलीच. काजं तशीच आहेत, एका ओळीत, आणि त्यांतून बॅगेचा निळा रंग दिसतो.