झाकलेलं यंत्र

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देवळाली प्रवरेजवळच्या आमच्या शेती केंद्रात प्रयोगांची आकडेमोड करणारे एक गृहस्थ होते. हिशेबाच्या यंत्राचा दांडा ते डोळे मिटून फिरवत, लांबचं काहीतरी ऐकत असल्यासारखे. आकडे बघण्याआधी विचारत, "वाफे जोडीजोडीनं हुते का सुटे?" मग फरक खरा की योगायोगाचा हे ठरवायला गणिताची कोणती चाचणी लावायची ते कागदाच्या माथ्यावर लिहीत, आणि त्यानंतरच आकडे मागत.

मी वाफ्यांच्या सहा जोड्या घेतल्या होत्या, प्रत्येक जोडीत एकाला माझं नवं खत, दुसऱ्याला नाही. खताच्या वाफ्यांत उसाला थोडे जास्त फुटवे आले होते. पण एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, असं गणितातून निघालं. मी म्हणालो, "दुसरी चाचणी लावून बघू या का?"

त्यांनी सावकाश यंत्रावर फडकं टाकलं.

"चाचणी आधी ठरती, साहेब. उत्तर बघून न्हाई."

चिडून मी अहवालात लिहिलं, 'खताचा परिणाम होत नाही.' तेही त्यांनी खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'सहा जोड्यांत दिसला नाही.'

"बारका फरक असंल, तर सहांत घावायचा न्हाई," ते म्हणाले. "उसालाच म्हाईत."

संध्याकाळी कालव्याच्या कडेनं परतताना ऊस सळसळत होता. मी सायकलवरून उतरलो आणि, का कोण जाणे, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिलो.